आरशातला मासा

आरसा उभा करायची कल्पना रतिलालची. या घरात डोकं चालवायचं खातं थोरल्या भावाकडे, गिरधरनानांकडे होतं, त्यामुळे रतिलालच्या डोक्याला एरवी विश्रांतीच असे. पण बैठकीत टीव्हीसमोर नाना बसले तर वच्छलाने सिनेमा पाहायचा कसा, हा प्रश्न नानांना पडण्याचं कारण नव्हतं. तो रतिलालला पडला, कारण वच्छला त्याची बायको होती आणि सकाळपासून भांडी जरा जोरात ठेवत होती.

भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, धाकट्या भावजयीने बसायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, थेट बोलायचं नाही. सावद्याच्या या घरात वच्छला सून म्हणून आली तेव्हापासून तिने नानांच्या चपला पाहिल्या होत्या, पाय पाहिले होते, ताटावर फिरणारा हात पाहिला होता. त्याच्या वर काही पाहायची वेळ आली की पदर पुढे यायचा. बोलायचं झालं तर सासूकडे तोंड करून बोलायचं, "आत्याबाई, त्याहीले म्हना, भाकरी वाढली." झुंबरबाई म्हणत, "गिरधर, भाकरी वाढली." नाना तिथेच चार हातांवर उभे असत आणि म्हणत, "माय, तिले सांग, आलो." मग झुंबरबाई वच्छलाला सांगत, "येतो म्हने." दोघांनाही सगळं आधीच ऐकू आलेलं असे, पण झुंबरबाईंनी आपलं काम कधी टाळलं नाही.

तर रतिलालने थोरल्या वहिनीच्या, म्हणजे लताबाईंच्या, लाकडी कपाटाचा निखळलेला आरशाचा दरवाजा उचलून आणला आणि बैठकीच्या भिंतीला तिरका टेकवला. स्वयंपाकघराच्या दारातून टीव्ही दिसत नव्हता, पण आरसा दिसत होता, आणि आरशात टीव्ही. बायका आत, पुरुष बाहेर, सिनेमा दोन्हीकडे. स्वतःच्या हुशारीवर रतिलाल इतका खूश झाला की त्याने आरसा धोतराच्या सोग्याने दोनदा पुसला. आरशातून जसं आतून बाहेरचं दिसतं तसं बाहेरूनही आतलं दिसतं, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.

व्हीसीआर आणला होता पुष्पीच्या लग्नाची कॅसेट पाहायला. पुष्पी ही नानांची एकुलती मुलगी, उन्हाळ्यात लग्न होऊन फैजपूरला गेलेली. हिलाल व्हिडिओवाला लग्नाच्या कॅसेटबरोबर एक सिनेमा आपल्याकडून देत असे. नेहमीचा देवाचा सिनेमा त्या दिवशी रावेरला गेला होता.

"समुद्राचा आहे, नाना," हिलाल म्हणाला. "इंग्रजी आहे. माशाचा."

नानांना वाटलं, माहितीचा असेल. "लाव मंग. आपली चारू सांगीन काय म्हनतात ते. बारावी झाली तिची."

चारूचं नाव निघालं तशी स्वयंपाकघरातली भांडी गप्प झाली.

कारण भांडण चारूचंच होतं. भांडण म्हणणंही चूक, या घरात नानांशी कुणी भांडत नसे. रतिलाल-वच्छलाची ही मुलगी, चारुलता, फार्मसीला नंबर लागेल अशी बारावी पास झाली होती. नंबर लागला तो धुळ्याला, देवपुरातल्या कॉलेजात. तिथे वच्छलाची बहीण यशोदाबाई राहत होती, म्हणजे राहायची सोय होती. सोमवारी दुपारपर्यंत प्रवेश घेतला नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. यशोदाबाई भाचीला न्यायला मुद्दाम आली होती. आणि नाना एकच वाक्य बोलले होते, "लांब आहे." त्यावर रतिलालने मान खाली घातली होती, आणि वच्छलाला तर मान वर करायचीच मुभा नव्हती. आज रविवार होता.

बैठकीच्या खिडक्यांवर गोधड्या टाकून भर दुपारी अंधार केला. आधी पुष्पीचं लग्न झालं. त्यात लताबाई रडल्या, नानांनी घसा साफ केला, आणि झुंबरबाईंनी, डोळ्यांना नीट दिसत नसतानाही, व्याह्यांकडच्या दोन बायकांची लुगडी वाईट ठरवली. मग हिलालने दुसरी कॅसेट घातली आणि चहाच्या टपरीवर निघून गेला.

सिनेमा असा होता. एक लाँच समुद्रातल्या खडकावर चढून अडकलेली. आत पाच-दहा माणसं, बुडाला भोक, पाणी चढतंय. समोर दीपस्तंभ. तिथे दोर नेऊन बांधला तर सगळे धरून धरून पलीकडे जाणार. आणि लाँचभोवती पाण्याखालून काहीतरी फिरतंय. पहिला अर्धा तास ते काय आहे ते दाखवलंच नाही. नुसतं पाणी दिसायचं आणि खालून एक वाजवणं यायचं, धीम्या लयीत, केळीच्या बागेतलं इंजिन लांबून ऐकू यावं तसं.

"मासा कुठी आहे?" झुंबरबाईंनी विचारलं. त्या पुरुषांत बसल्या होत्या. त्यांच्या वयात आता कुणापुढे पदर घ्यायचा नव्हता.

"अजून आला नाही, मोठी माय," अर्थ सांगायला टीव्हीपुढे बसवलेली चारू म्हणाली.

"मंग हे लोक भेतात कसाले?"

याचं उत्तर सिनेमानेच दिलं. पाणी फाटलं, आणि जे वर आलं त्याला नानांनी उभ्या आयुष्यात मासा म्हटलं नसतं. आतून बायकांची किंकाळी आली, "उजवीकून आला."

रतिलालने दचकून उजवीकडे पाहिलं. मासा डावीकडून आला होता आणि लाँचवरचा स्वयंपाकी घेऊन गेलासुद्धा होता.

"डावीकून, व," तो वैतागून ओरडला.

"आम्ही डोयानं पाह्यलं, उजवीकून," लताबाई आतून ठासून म्हणाल्या. आरशाचा हा गुण रतिलालने हिशेबात धरला नव्हता. पुढे सबंध सिनेमाभर बायका एका बाजूला ओरडत राहिल्या आणि मासा दुसऱ्या बाजूने येत राहिला, त्यामुळे बाहेरच्यांना तो दुप्पट भीतिदायक झाला.

लताबाई त्या दिवशी आत बसल्या होत्या त्या काही वच्छलावरच्या मायेने नव्हे. नवऱ्यासमोर बसायला त्यांना कोण अडवणार? पण बैठकीत चारूच्या धुळ्याचा विषय निघाला तर आपल्याला कुणाची तरी बाजू घ्यावी लागेल, म्हणून त्या आत. त्यांच्या मनात एक काटा होता. पुष्पीला दहावीनंतर घरी बसवलं तेव्हा या घरात कुणाची भांडी वाजली नव्हती. आता धाकटीची पोर धुळ्याला जाणार आणि आपली फैजपूरला भाकरी थापणार. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. पण मासा वर आला तेव्हा त्यांनी वच्छलाचा हात पकडला होता, आणि स्वयंपाकी गेल्यावरही तो सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

सिनेमात आता वाद पेटला होता. दोर घेऊन पाण्यात उतरायचं कुणी? लाँचवाल्याची मुलगी पुढे झाली. विशी-बाविशीची, केस कापलेली. तिचा बाप आडवा उभा राहिला.

"काय म्हनतो तो?" नानांनी विचारलं.

स्वयंपाकघरातून यशोदाबाईचा गोड आवाज आला, "चारू, तो म्हणत असेल ना गं, की मुलगी शहाणी शे, बठ्ठं करील, जाऊ द्या तिला?"

"धुयाचं पानी चांगलंच लागलं हिले," झुंबरबाई पुटपुटल्या. "आहे म्हनाचं तं शे म्हने. सारं म्हनाचं तं बठ्ठं म्हने."

चारूचं बारावीचं इंग्रजी आणि या लोकांचं इंग्रजी यांत बरंच अंतर होतं. आतापर्यंतचं निम्मं संभाषण तिने अंदाजानेच सांगितलं होतं, आणि नानांनी त्यातला शब्दन् शब्द खरा मानला होता. आता या बापाच्या तोंडी तिने काहीही घातलं असतं तरी ते चाललं असतं. मावशीने वाट दाखवली होती. फक्त चालायचं होतं. पण नाना तिच्याकडे पाहत होते. शाळेतून आणलेलं प्रगतिपुस्तक तिने वाचून दाखवावं म्हणून तिच्या लहानपणी ते तिच्याकडे पाहत, तसंच.

"तो नाही म्हणतोय, मावशी," ती म्हणाली. "तीन-चारदा नाही म्हणाला."

"शहाना मानूस आहे," नाना म्हणाले आणि समाधानाने मांडी बदलली.

आत यशोदाबाईने कपाळाला हात लावला.

पडद्यावर तो बाप बराच वेळ मुलीकडे पाहत राहिला. पाणी त्याच्या घोट्याच्या वर आलं होतं.

"आता काय म्हने?"

"मला कळत नाहीये, नाना. तो काही बोलतच नाहीये." चारू पुढे वाकली. "दोर बांधतोय तिच्या कमरेला."

नाना पुढे सरकले. ते गादीवरून उतरून कधी सतरंजीवर आले आणि सतरंजीवरून कधी टीव्हीच्या पुढ्यात, चारूच्या शेजारी, ते त्यांनाही कळलं नाही. मुलगी पाण्यात उतरली. बाप लाँचच्या कडेला बसून दोर सोडत होता, हाताहाताने. तरुणपणी नानांनी विहिरीवर मोट हाकली होती. दोराच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"असा नको सोडू. एक वेढा घे हाताले," ते त्या माणसाला म्हणाले. "सैल नको ठेवू. तान ठेव, बाप्पा, म्हंजे तिकडचं अठी समजतं."

त्या माणसाने खरोखरच हाताला एक वेढा घेतला. नानांनी मान हलवली.

मुलगी निम्म्या वाटेवर पोचली. खालचं ते धीमं वाजवणं सुरू झालं. पाण्यावर काही नव्हतं, नुसत्या लाटा, आणि त्यांत तिचं एवढंसं डोकं. मग तेही दिसेना. बापाच्या हातातला ताणलेला दोर थरथरला, आणि एकदम सैल पडला.

"द्वारकी," नाना म्हणाले.

हळूच म्हणाले, पण बैठकीत श्वाससुद्धा ऐकू येत होता. द्वारका त्यांची पाठची बहीण. धरणगावला दिलेली, लग्नाचा हिरवा चुडा अजून हातात असताना तापाने गेलेली. निरोप्या सावद्याला आला तेव्हा तिकडे सगळं आटोपलेलं होतं. नाना तेव्हा विहिरीवर होते. हा विषय घरात निघत नसे. पण पुष्पीला फैजपूरपलीकडचं एकही स्थळ नानांनी पाहिलं नाही, आणि दर आठ दिवसांनी मोटारसायकलला किक मारून ते तिचं तोंड पाहून येत, ते कशामुळे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घरातली मुलगी आपल्याला उन्हं उतरायच्या आत गाठता आली पाहिजे, एवढीच त्यांची मोजणी होती. धुळं त्या मोजणीत बसत नव्हतं.

त्यांना पुढे पाहवेना. त्यांनी टीव्हीवरून तोंड फिरवलं, भिंतीकडे. भिंतीला आरसा होता.

आरशात वच्छला होती. तिचा पदर खांद्यावर घसरला होता, त्याचं टोक तिने दातांत धरलं होतं, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तीही त्याच वेळी आरशात पाहत होती. पाण्याकडे पाहता पाहता मधेच एक तोंड आलं, चारूचं मनगट छातीशी घट्ट धरून बसलेल्या, म्हातारा होत चाललेल्या माणसाचं, ओठ लोंबलेलं. हे नाना आहेत हे कळायला तिला वेळ लागला. इतकी वर्षं ज्या माणसाच्या खाकरण्याने ती उठून उभी राहत होती त्याचं तोंड असं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं ते रागीट असेल.

तिने पदर ओढायला हात उचलला, आणि तेवढ्यात लाईट गेली.

मग रतिलाल उठला आणि त्याने खिडकीवरची एक गोधडी काढली. दुपारचं ऊन आत आलं. टीव्ही काळा पडला होता.

"वाचली का ते पोरगी?" झुंबरबाईंनी विचारलं.

"लाईट गेली, माय," रतिलाल म्हणाला.

"लाईट गेली तं गेली. पोरगी वाचली का?"

"कुणाले ठाऊक," नाना म्हणाले. चारूचं मनगट सोडून त्यांनी ते उगाच पुसल्यासारखं केलं. "त्या बापानं सोडालेच नको व्हतं. आधी नाही म्हने, तेच खरं व्हतं."

"नाही सोडलं असतं तं सारेच बुडाले असते," लताबाई आतून म्हणाल्या.

बायको आपल्या विरुद्ध बोलली हे नानांना उशिरा समजलं. "तू तं म्हनत व्हती, पोरीच्या जातीले—"

"मी कायबी म्हनत व्हती." लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचाही चेहरा रडून सुजला होता. "पुष्पीले तुम्ही पाठवलं नही. तवा मी बोलली नही. मले वाटलं, माझी नही गेली तं हिची कसाले जाईन. मांगाशी त्या पोरीनं पान्यात उडी टाकली तं माह्या मनात काय आलं, सांगू? माही पुष्पीबी गेली असती. तिच्यात दम व्हता." आणि त्या पुन्हा आत गेल्या, कारण रडणं आवरत नव्हतं.

रतिलालने खिडकीवरची दुसरी गोधडी काढून तिची घडी घालायला घेतली.

आता वच्छलाने बोलायचं म्हणजे वाट ठरलेली होती. "आत्याबाई, त्याहीले म्हना." झुंबरबाईही सवयीने स्वयंपाकघराकडे कान करून बसल्या. पण वच्छला उठून दाराच्या चौकटीपर्यंत आली. पदर कपाळावर होता. त्याच्याखाली तोंड उघडं होतं.

"नाना," ती म्हणाली.

झुंबरबाई गोंधळल्या. रतिलालच्या हातून गोधडी सुटली.

"तुमचं तोंड मी आज पाह्यलं, नाना. आरशात. आन तुम्ही माझं पाह्यलं. तुम्ही भेले, तशी मीबी भेली. पोर लांब जाईन तरी मले झोप येते, असं नका समजू." तिने चौकटीला हात टेकवला. "द्वारकाताईले मी पाह्यलं नही. पन तिच्यापाशी तवा औषिध जाननारं कोनी असतं तं? चारू तेच शिकाले जाते. त्या मानसानं दोर सोडला, नाना. पन हातातून टाकला नही. तुम्हीबी सोडा. हातात ठेवा, पन सोडा."

नाना खाली मान घालून ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते तिच्या पायांकडे पाहत होते. पायातली जोडवी झिजलेली होती. चारूला वाटलं, संपलं. तिने आईकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे.

तेवढ्यात ओट्यावरून हिलालचा आवाज आला. लाईट काही आता येत नाही, सबस्टेशनवरच काही झालंय, आणि त्याला सामान घेऊन रात्रीच्या लग्नाला चिनावलला जायचं होतं. तो आत आला, वायर गुंडाळू लागला.

"कुठपर्यंत झाला, नाना?"

"दोर सैल पडला तठपर्यंत."

"अरेरे. ऐन मोक्याला गेली." हिलाल हसला. "पुढे काय होतं, सांगू का? ती पोरगी—"

"नको," नाना म्हणाले.

हिलाल वायर हातात धरून थांबला. नाना गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"धुयाले भेटत असंल ना ही कॅसेट?"

"भेटंल की. धुळं मोठं गाव आहे."

"मंग नको सांगू. आमची पोरगी उद्या धुयाले चालली. ती पाहीन तठी, आन मले सांगीन." मग ते चारूकडे वळले. "चिठ्ठीत नको लिहू. सोता येऊन सांगजो. दिवाळीची वाट नको पाहू. पाह्यलं की ये."

चारूने मान हलवली. मग ते पुरेसं वाटेना तेव्हा तिने खाली वाकून त्यांचे पाय धरले. नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून समोर आरशात पाहत होते. आरशात स्वयंपाकघराचं दार होतं, आणि दारात वच्छला.

"वच्छला," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्या नावाने त्यांनी तिला कधी हाक मारली नव्हती, त्यामुळे हाक जरा मोठ्यानेच निघाली. "पोरीची पेटी भर."

झुंबरबाईंनी निरोप पुढे द्यायला तोंड उघडलं.

"भरेल आहे, नाना," वच्छला म्हणाली.